दाराची तालीम

"पण दार का लावता?"

वकीलबाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा आईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"अहो बाई, वारा लागतो म्हणून. भट्टीतून काच बाहेर आली की तिला वारा सोसत नाही. तडकते. तान्ह्या बाळाला आंघोळ घालून दारात बसवता का तुम्ही?"

"मला बाळ नाही."

"मग तुम्हाला नाहीच कळायचं."

"म्हणून तर विचारतेय," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच ते दार ओढून पाहिलं. लोखंडी, सरकतं, माणसाच्या दुप्पट उंचीचं. अर्ध्यावर येऊन अडलं.

"उचलून ओढायचं," कोपऱ्यातून आईंचा धाकटा म्हणाला. सकाळपासून तो तेवढंच बोलला होता.

*

निकालपत्रात या दाराला दीड पान दिलं होतं. वकीलबाईंना ते दीड पान पाठ झालं होतं, आणि जितकं पाठ होत गेलं तितकं ते त्यांना खटकत गेलं.

दोन भाऊ. दोघांना जन्मठेप. थोरल्याने काच फुंकायची लोखंडी नळी मावसभावाच्या डोक्यात घातली, म्हणून. धाकट्याने दार लावलं, म्हणून. मारणारा आणि दार लावणारा यांचा हेतू एक असेल तर कायद्याला दोघं सारखेच. आणि हेतू एक होता हे कशावरून? आदल्या संध्याकाळी धाकट्याने सगळ्या कामगारांना सुट्टी दिली, यावरून. आणि दार किंकाळीच्या आधी लागलं, यावरून. नंतर लागलं असतं तर ती घाबरगुंडी. आधी लागलं, म्हणजे ठरलेलं. म्हणजे कट.

थोरला तुरुंगात होता. धाकट्याची शिक्षा अपिलापुरती थांबवलेली, म्हणून तो जामिनावर घरी. सुनावणी तोंडावर आलेली. आणि वकीलबाईंच्या मनात एकच गोष्ट अडकून बसलेली: समोरच्या शिंप्याची साक्ष. शिंप्याने दार लागताना पाहिलं, मग किंकाळी ऐकली. एवढं सगळ्यांनी वाचलं होतं. पण उलटतपासणीत तो सहज बोलून गेला होता की ते दार दिवसभर लागतं नि उघडतं, साहेब, आमच्या डोक्याला ताप आहे नुसता.

दिवसभर? का बरं?

हे कोर्टात कोणीच विचारलं नव्हतं. आधीच्या वकिलांनी तर नाहीच. त्यांनी दोघा भावांना सांगितलं होतं, आम्हाला काहीच माहीत नाही म्हणा. आणि दाराबद्दल घरातसुद्धा चकार शब्द काढायचा नाही. ज्याला काहीच माहीत नाही, तो दाराचं कारण काय सांगणार?

*

"आणि सुट्टी का दिली होती?" वकीलबाईंनी विचारलं.

 धाकट्याची बायको आईंकडे बघत होती. थोरल्याची बायको भट्टीकडे. ती काचवाल्यांच्याच घरची, आणि नवरा आत गेल्यापासून भट्टीसमोर तीच उभी राहत होती. कपाळावर घाम, हाताला जाड मोजे.

"सांगू का, आई?" तिने विचारलं.

"गप्प बस."

"आई, हे जन्मठेपेचं चाललंय."

"लाल रंग टाकायचा होता," आई शेवटी पुटपुटल्या, जणू भिंतीला कान होते. "आमचा लाल दुसऱ्या कोणाला येत नाही. तो टाकताना घरच्यांशिवाय कोणी थांबत नाही इथे. यांच्या आजोबांपासूनची पद्धत आहे."

वकीलबाई पुढे वाकल्या. "म्हणजे दर वेळी लाल करताना सुट्टी देता? नेहमीच?"

"नेहमीच."

"आणि हे कोर्टात सांगितलं नाहीत?"

"सगळी वस्ती बसली होती बाकांवर! पलीकडच्या भट्टीवाल्याचा मेहुणा पुढच्याच रांगेत. पुढचं त्याने विचारलंच असतं, लालमध्ये घालता काय म्हणून."

धाकटीला हसू आलं. ते तिने दाबलं, पण वकीलबाईंनी पाहिलं आणि त्याही हसल्या. मग थोरली. असं हसण्यासारखं काय होतं, कोण जाणे. दोन मुलगे अडकले होते एका रंगापायी. पण कित्येक महिन्यांत या छपराखाली कोणी हसलं नव्हतं, म्हणून तेवढं चालून गेलं.

आई नाही हसल्या.

"बरं," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपली पर्स बाकावर ठेवली. "मला बघायचंय. जसं झालं तसं करून दाखवा."

तालीम, पहिली

थोरला: त्याची बायको.
धाकटा: स्वतः.
पाहुणा: वकीलबाई.
प्रेक्षक: आई, खुर्चीत. धाकटी, उभी.

(पाहुणा म्हणजे जो मेला तो. आईंच्या बहिणीचा मुलगा. लहानपणी आठवडाभरासाठी राहायला आला आणि राहिला तो राहिलाच. या घरात मोठा झाला, इथेच टक्कल पडलं, तरी नाव पाहुणाच. आईंचे यजमान जाताना कारखान्यात त्यालाही भावांइतकाच वाटा देऊन गेले, आणि तो वाटा त्याला विकायचा होता. भांडण तेच.)

"मी कुठे उभी राहू?"

"इथे. भट्टीकडे तोंड करून. दाराकडे पाठ," धाकटा म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी माझ्या जागी. दाराजवळ."

"तुमची जागा दाराजवळच का?"

"धाकटा ना मी. दार धाकट्याचं. दादा वडिलांच्या हाताखाली होता तेव्हा दार त्याचं होतं. मी आल्यावर माझं झालं."

वकीलबाई जाऊन उभ्या राहिल्या. गरम झळ अंगावर आली तशा किंचित मागे सरकल्या.

"पाहुणा मागे सरकत नसे," आई खुर्चीतून म्हणाल्या. "निर्लज्ज होता."

"आई!"

"होताच. माझ्या हातचं खाल्लंय त्याने, मी काही पण म्हणेन. आणि रडेन पण मीच त्याच्यासाठी. तुम्ही कोणी रडला नाहीत."

थोरलीने भिंतीच्या खुंट्यांवरून एक नळी घेतली. लांब, काळी, भट्टीचा वास असलेली. वर उगारली. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मग एक डोळा उघडला.

धाकटा जागेवरच होता. दार सताड उघडं.

"तुम्ही हलला नाहीत."

"हो."

"का? तिने नळी उगारली ना."

"नळी रिकामी आहे," तो म्हणाला. त्याचं त्यालाच जरा नवल वाटलं. "रिकाम्या नळीला दार कशाला लागतं?"

मध्येच

धाकटीला पहिल्यांदा इथे वाटलं की आपला नवरा सुटणार.

तिने मुद्दाम वाटू दिलं नव्हतं इतके दिवस. सकाळी उठून ती त्याच्यासाठी चहा ठेवायची तो उसन्या आणलेल्या माणसासाठी ठेवल्यासारखा. परत करायचाय एक दिवस. आणि आता ही वकीलबाई भट्टीसमोर एक डोळा मिटून उभी होती.

तिने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने नजर दिली नाही.

तालीम, दुसरी

या वेळी थोरलीने नळी भट्टीच्या तोंडातून आत घातली. फिरवली. काकवी काठीला लपेटावी तशी काच नळीच्या टोकाला लपेटत गेली, आणि ती बाहेर आली तेव्हा टोकाला पिवळ्या उजेडाचा एक गोळा होता.

दार लागलं.

धाकटा कधी हलला ते कोणी पाहिलं नाही. त्याने स्वतःही नाही. गोळा भट्टीबाहेर आला आणि दार उचलून, ओढून, लागलेलं होतं, आणि तो त्याला पाठ टेकून उभा होता.

"आहा!" वकीलबाई ओरडल्या. एखाद्या मुलीला जादूच्या प्रयोगातला रुमाल सापडावा तशा. "पुन्हा विचारते. तुम्हाला कोणी सांगितलं, लाव म्हणून?"

"कोणी नाही. काच बाहेर आली."

"तुम्ही थोरल्यांचं तोंड पाहिलंत का? पाहुण्याचं?"

"काच बघतो आम्ही. तोंड कशाला बघू?"

"हे. हेच!" वकीलबाई आईंकडे वळल्या. "त्या दिवशी थोरल्यांनी काच काढली म्हणजे ते कामाला लागले होते. खून करायला निघालेला माणूस बरणी बनवायला घेत नाही. आणि यांनी दार लावलं ते काचेसाठी. कट कुठे आहे यात?"

धाकटीने तोंडावर हात धरला.

"मग सुटतील दोघं?" आईंनी विचारलं.

"थांबा हं, एक मिनिट. संपवून घेऊ." वकीलबाई पुन्हा आपल्या जागी गेल्या. पाहुण्याच्या. "आता मारा मला."

थोरली गोळा फिरवत उभी होती. फिरवणं थांबवलं की काच लोंबते, म्हणून हात फिरतच होते. तिने नळी थोडी वर घेतली. थांबली. तिला त्या पिवळ्या गोळ्याची अडचण झाली. वजन सगळं टोकाला, त्यात मऊ. याने काय मारणार? आणि विचार करायच्या आत तिच्या हातांनी तेच केलं जे ते फसलेल्या कामाला नेहमी करतात: नळी उतरती धरली, कात्रीने काचेची मान दाबली, आणि बादलीच्या काठावर एक टोला दिला.

गोळा फुटक्या काचेच्या बादलीत पडला. खळ्ळ.

तिने रिकामी नळी उगारली.

आणि वकीलबाईंच्या पाठीला गार वारा लागला.

त्यांनी वळून पाहिलं. दार उघडं होतं. रस्ता दिसत होता, समोर शिंप्याचं दुकान, शिंपी मशीनवरून मान वर काढून इकडेच बघणारा. धाकटा दाराच्या कडेला हात ठेवून उभा.

"हे काय केलंत?"

"काच बादलीत गेली ना," तो म्हणाला. "मग दार उघडायचं. उकडतं आत."

एवढं बोलला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

*

कोणाला किती कळलं?

आईंना काहीच नाही. त्या म्हणाल्या, "लाव रे ते, तो मेला शिंपी बघतोय."

वकीलबाईंना सगळं, पण उलट्या क्रमाने. आधी शवविच्छेदनाचा अहवाल आठवला. पाहुण्याच्या अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. म्हणजे मारताना नळीवर काच नव्हती. म्हणजे थोरल्याने आधी ती बादलीत टाकली. मान दाबून, टोला देऊन, नीट. म्हणजे मध्ये वेळ होता. रागाच्या भरात झालं असं म्हणायला जो वेळ असता कामा नये, तोच.

थोरलीलाही तेवढंच कळलं, पण हातातून. नळी अजून उगारलेली होती. ती तिने हळूच खाली केली.

"आणि त्या दिवशी दार बंद सापडलं होतं," वकीलबाई धाकट्याला म्हणाल्या. "लोक आले तेव्हा. शिंप्याने ठोठावून उघडायला लावलं. काच बादलीत गेल्यावर तुम्ही उघडलं नाहीत?"

"आठवत नाही."

"आत्ता तर आपोआप उघडलंत."

"आठवत नाही म्हटलं ना."

कार्यालयात (कारखान्याच्या कोपऱ्यातली खोली, काचेच्या भिंतींची. बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरच्यांना आतलं सगळं दिसतं. ऐकू मात्र येत नाही.)

"मी स्पष्ट सांगते," वकीलबाई म्हणाल्या. "दार काचेसाठी लागलं, हे मी कोर्टात मांडू शकते. शिंपी तसं बोललाय, नळीच्या टोकाला ताज्या काचेची कड उरलेली पोलिसांच्या फोटोत आहे. धाकट्यांची सुटका होऊ शकते त्यावर. पण मग काच कुठे गेली, हा प्रश्न येतो. आणि त्याचं उत्तर थोरल्यांना बुडवतं."

"मग?" आई.

"मग दोघांचं वकीलपत्र माझ्याकडे राहू शकत नाही. एकासाठी जे बोलायचं ते दुसऱ्याच्या विरोधात जातं. वेगळे वकील, वेगळी बाजू."

"आणि एकत्रच ठेवलं तर?"

"तर मी फक्त सुट्टीचं बोलेन, काही ठरलं नव्हतं एवढं म्हणेन. दाराला हात लावणार नाही. कदाचित शिक्षा कमी होईल दोघांची. कदाचित काहीच होणार नाही, आणि धाकटेही परत आत जातील."

"वेगळं करा," धाकटी म्हणाली.

"तुझं नाव घेऊन विचारलं का कोणी?"

"आई, तो नुसता दाराशी होता!"

"आणि माझा थोरला? तो काय टाकून द्यायचा? एकाला वाचवायला दुसऱ्याच्या विरोधात वकील उभा करायचा, दुसराही माझ्याच पोटचा ना? लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ता कोणतं बरं म्हणतायत?"

"मी जिवंत आहे तोवर अपील एकच राहील."

"तुम्ही जिवंत आहात म्हणून तर रंगाचं कोणी बोललं नाही!"

हे तोंडातून गेलं आणि धाकटीला ते परत घ्यावंसं वाटलं नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. काचेपलीकडे थोरली आणि धाकटा भट्टीजवळ उभे होते. थोरली काहीतरी बोलत होती. धाकटीला फक्त ओठ दिसत होते, आणि तिला पहिल्यांदाच जावेची भीती वाटली. ही आता काय मागेल? हिच्या हातात आहे आता सगळं.

काचेपलीकडे, त्याच वेळी

"भाऊजी, बादली ऐकलीत का त्या दिवशी?"

"वहिनी, नको."

"मी वकील नाही. मला नुसतं कळू दे. ऐकलीत?"

तो भट्टीच्या तोंडाकडे बघत राहिला.

"ऐकली."

"मग का नाही उघडलंत?"

त्याने पायाने बादली जरा सरकवली. तिला वाटलं, तो म्हणेल घाबरलो. म्हणेल, हात चालेना. ती ते मानायला तयार होती.

"बघायचं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"दादा काय करतो ते. एवढी वर्षं तो पाहुणा त्याला घालूनपाडून बोलायचा, आणि दादा ऐकून घ्यायचा. त्या दिवशी त्याने अर्धं काम टाकून दिलं. दादा कधी काम टाकत नाही. मला वाटलं, आता काहीतरी होणार. काय, ते माहीत नव्हतं. मारेल असं नाही वाटलं, देवाशपथ. पण होऊ दे असं वाटलं. दार उघडलं असतं तर पाहुणा नेहमीसारखा निघून गेला असता. आणि मला ते बघायचं होतं."

थोरलीने मोजे काढले. एक, मग दुसरा. तिला रागवायचं होतं आणि राग सापडत नव्हता. त्याच्याऐवजी एक विचित्र कुतूहल होतं. असं एवढंसं, जत्रेत गर्दीत मान वर करून बघावं तेवढंसं, यालाही गुन्हा म्हणतात का?

"तुम्हाला माहितेय, ते तिकडे तुरुंगात काय समजून बसलेत?" ती म्हणाली. "मी भेटायला जाते तेव्हा दर वेळी एकच. धाकट्याने साथ दिली. काय होणार ते ओळखून त्याने दार लावून घेतलं, माझ्या पाठीशी उभा राहिला. मी म्हणते, अहो, त्याला वाचवायचं तर असं बोलू नका. तर म्हणतात, खोटं कसं बोलू? तेवढं एकच चांगलं झालं त्या दिवशी."

धाकट्याने डोळे मिटले.

"तुम्ही वेगळं अपील करा," थोरली म्हणाली. "मी आड येणार नाही. आईंना मी बघते. पण तुमच्या दादांना तुम्ही सांगायचं. कागदावरून कळायला नको त्यांना. स्वतः जा, आणि सांगा दार कशासाठी लावलंत. आणि कशासाठी उघडलं नाहीत."

तिघी कार्यालयातून बाहेर आल्या तेव्हा थोरलीने हेच सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. बघायचं होतं, एवढं सोडून.

धाकटीने तिचा हात धरला. आई पुन्हा खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "नको सांगू रे त्याला. तेवढं तरी राहू दे त्याच्याजवळ."

भेटीची खोली

जाळी. जाळीच्या दोन्ही बाजूंना बाकडी. दुसऱ्या जाळीपाशी एक बाई कोणालातरी नळ गळतोय म्हणून सांगत होती, आणि आतला माणूस तिला कोणता पाना घ्यायचा ते.

"बारीक झालास," दादा म्हणाला.

"तू पण."

"लाल कसा येतोय?"

"वहिनी बघते. जरा जांभळा मारतो."

"भट्टी जास्त तापवत असेल. घाई फार तिला." तो हसला. "बोल. तू उगाच येणारा नाहीस."

धाकट्याने सांगितलं. आधी दार, काचेसाठी लावलं ते. दादाचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. मग बादली. ऐकली आणि उघडलं नाही ते.

"का?"

"बघत होतो."

"काय?"

"तू काय करतोस ते."

पलीकडची बाई म्हणत होती, पण पाना बसतच नाही हो, घसरतो.

"मी पण बघत होतो," दादा म्हणाला.

"काय?"

"दार."

धाकट्याला समजेना.

"अरे, मी काच का टाकली बादलीत? पाहुणा बोलायला लागला, माझी काच एका बाजूला लोंबायला लागली. म्हटलं आता हे काम होत नाही. टाकून द्यावं. टाकलं की तू दार उघडणार, वारा येईल, तो दोन शिव्या देईल नि जाईल. त्याचं ते रोजचंच होतं. मी टाकलं आणि दाराकडे बघितलं. तू पाठ टेकून उभा. उघडेना. मी थांबलो की रे. वाट बघितली." दादाने जाळीत बोटं घातली. "तेव्हा मला वाटलं, याचंही म्हणणं तेच दिसतंय. बस झालं, आज होऊन जाऊ दे, असं. तू म्हणतोयस असं वाटलं मला."

"मी काही म्हणत नव्हतो."

"ते आत्ता कळतंय."

"तू टाकलीस तेव्हा मला वाटलं, आता तू..."

"हं."

दादाने जाळीतून बोटं काढून घेतली. धाकट्याला वाटलं, आपण दोघं आत्ता या क्षणी एखाद्या अनोळखी घरात शिरल्यासारखे उभे आहोत, आणि घर आपलंच आहे.

"दादा, मग आपलं ठरलं कधी?"

"तेच शोधतोय." दादाने खरंच कपाळाला आठ्या घातल्या, भट्टीची आच मोजताना घालायचा तशा. "तुझ्याकडून बघितलं तर मी ठरवलं. माझ्याकडून बघितलं तर तू. मध्ये तर कोणीच नव्हतं."

"पाहुणा होता."

"हो. पाहुणा होता."

शिपायाने काठी वाजवली.

"बाहेर वकीलबाई थांबल्यात," धाकटा म्हणाला. "वकीलपत्राचे कागद घेऊन."

"वेगळं कर. ऐकतोयस ना? मी सांगतोय. माझा राग नाही. तुझी बायको तरुण आहे, तू बाहेर राहा. हे आत्ताचं बोलणं कोणाला सांगायचं नाही. माझं काय व्हायचं ते होईल."

धाकटा उठला. काही कबूल केलं नाही, काही नाकारलंही नाही.

*

फाटकाबाहेर उन्हात वकीलबाई आणि धाकटी एका छत्रीखाली उभ्या होत्या. वकीलबाईंनी कागद पुढे केले, पेनाचं टोपण काढून दिलं.

"कुठे करायची सही?"

"इथे. हे वेगळ्या वकिलाचं. मी चांगले शोधलेत. थोरल्यांचं माझ्याकडेच राहील."

"नको," तो म्हणाला. "एकच राहू दे. दोघांचं."

"का?"

हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा विचारला होता की त्याला उत्तर द्यायची सवय झाली होती. या वेळी त्याच्याकडे उत्तर होतं, दादा त्या दाराकडे बघत थांबला होता हे, आणि ते त्याने दिलं नाही.

"दाराचं बोलू नका. सुट्टीचं बोला. आईंनी रंगाचं सांगायची परवानगी दिलीय असं समजा."

"तुम्हाला कळतंय ना, तुम्ही परत आत जाऊ शकता?"

"कळतंय."

वकीलबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना आणखी विचारायचं होतं, किती तरी. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद पिशवीत टाकून त्या रस्त्यापलीकडे गाडीकडे गेल्या.

छत्री धाकटीच्या हातात राहिली. तिने ती मिटली नाही, त्याच्यावर धरलीही नाही.

"मला विचारलंस?"

"नाही."

"आत बसून दोघांनी मिळून ठरवलंत ना हे?"

"नाही गं. त्याने तर उलटच सांगितलं. काही ठरलं नाही आमचं."

तिने त्याच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, बराच वेळ. तिचा विश्वास बसला नाही.